जाड कागदाची मतं

लारॉक, ५ जानेवारी १८७६

आजपासून दैनंदिनी. कारण मोठं आहे. ते मी अजून फक्त बायकोला, कारकुनाला, न्हाव्याला आणि औषधवाल्याला सांगितलं आहे, म्हणजे एव्हाना ते सगळ्या तालुक्याला ठाऊक झालं असणार. मी, इपोलित काझाबाँ, लारॉकच्या कोर्टातला वकील, पुढल्या महिन्यात खासदारकीला उभा राहतो आहे. प्रजासत्ताकाच्या बाजूने. समोर बॅरन द मोंतेल आहेत. बादशहा गेला, पण त्याच्या काळात मिळालेली ही जागा बॅरनसाहेबांनी अजून सोडलेली नाही.

उद्या कोणी माझं चरित्र लिहायला बसलं तर त्याच्या हाताशी काही असावं म्हणून ही वही. युलालीला, म्हणजे माझ्या पत्नीला, मी तसं बोलून दाखवलं. तिला एकदम खोकल्याची उबळ आली आणि ती स्वयंपाकघरात पळाली. जानेवारीची हवा तिला कधीच मानवत नाही.

इथे खरंच लिहायचं असं ठरवलं आहे, तर लिहितो. खासदारकी मला हवी आहे, खूप हवी आहे. पण तिच्यामागे आणखी एक गोष्ट आहे. बावीस वर्षं मी या लोकांची भांडणं भांडलो. बांधांची, विहिरींची, अक्रोडाच्या झाडांची, एकदा तर एका गाढवाच्या चारित्र्याचं. निकाल लागतो, माणसं कोर्टाच्या पायऱ्या उतरतात आणि घरी जेवायला जातात. "वकीलसाहेब, तुम्ही आमचे," असं आजवर एकानेही म्हटलेलं नाही. ते मला एकदा ऐकायचं आहे. मत म्हणजे तरी दुसरं काय असतं?

९ जानेवारी

डुकरं कापायचे दिवस. दरवर्षीप्रमाणे अशिलांकडून वाटे येऊ लागले: सॉसेजच्या माळा, चरबीची मडकी, कुणाकडून डुकराच्या पायाचं मांस. यंदा नेहमीच्या दुप्पट! कोठीत पाय ठेवायला जागा नाही. जनमत म्हणतात ते हेच असावं.

गिरणीवाला लाबार्त स्वतः येऊन मीठ लावलेली अख्खी तंगडी ठेवून गेला. लाबार्त माझा सगळ्यात जुना अशील. त्याच्या पाणचक्कीच्या पाण्यावर ओढ्याच्या वरच्या अंगाचा शेतकरी बोर्दनाव हक्क सांगतो, आणि मी तो दर वेळी कोर्टात हाणून पाडतो. आज लाबार्त बराच वेळ हातातली बेरेट टोपी फिरवत बसला होता.

"वकीलसाहेब, पॅरिसला डुक्कर चांगलं मिळत नाही म्हणतात."

"पॅरिस नाही, व्हर्साय. संसद सध्या तिथे भरते."

"मग तर अजिबात मिळत नसेल. आणि थंडी? तुमची छाती नाजूक."

"माझी छाती? कोर्टाच्या खिडक्यांच्या काचांना विचार!"

तो हसला नाही. जाताना त्या तंगडीकडे असं बघत होता की मला वाटलं परत घेऊन जातो की काय. निवडणुकीबद्दल एक अक्षर काढलं नाही. साधी माणसं, भावना ओठांवर येत नाहीत त्यांच्या.

१२ जानेवारी

सेम्पे बिघडला आहे. हा माझा कारकून. मी वकिली सुरू केली त्या दिवसापासून समोरच्या टेबलावर बसतो, आणि त्याआधी त्या टेबलावर त्याचा बाप बसायचा. आज माझ्या जाहीरनाम्यावर त्याने शाई सांडली. दुसरी प्रत काढायला सांगितली तर तिच्यावरही सांडली.

"सेम्पे, तुझा प्रजासत्ताकावर विश्वास नाही का?"

"आहे साहेब. प्रजासत्ताकाचं एक बरं असतं. ते दुसरा कोणीही चालवू शकतो."

याचा आजोबा थोरल्या बादशहाच्या फौजेत होता. रक्तात असतंच थोडं. मी मनावर घेतलं नाही.

१६ जानेवारी

विश्वास बसणार नाही असं घडलं. बोर्दनाव माझ्या घरी आला! होय, तोच, पाण्याच्या खटल्यातला. गेली कित्येक वर्षं हा माणूस मला बघून रस्ता बदलतो. एकदा चर्चमध्ये माझ्या शेजारी जागा होती तर सबंध प्रार्थना उभा राहिला. आज दारात उभा, टोपी हातात, दात बाहेर.

"वकीलसाहेब, ऐकलं ते खरं का?"

"खरं आहे."

"देव तुमचं भलं करो! तुमच्यासारखा माणूस इथे कुजतोय हे बघून मला झोप लागत नव्हती बघा. माझी गाडी आणि घोडी निवडणूक होईपर्यंत तुमची. गावोगाव फिरा. घोडीचे ओट्सही माझे."

मी त्याला आर्मान्याक ब्रँडी पाजली. ती त्याने चक्क दोनदा घेतली. मग खुर्ची पुढे ओढून फार बारकाईने चौकशी केली. खासदार तिकडे किती दिवस राहतो, लगेच परत येतो का, उन्हाळ्यातसुद्धा तिकडेच असतो का. "म्हणजे समजा ऑगस्टात, ओढ्याला पाणी कमी होतं तेव्हा?" मी म्हणालो, देशाची सेवा ओढ्याचं पाणी बघून होत नसते. हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्याने माझे दोन्ही हात धरले.

एका शेतकऱ्याला संसदेच्या कामकाजाची एवढी आस्था! आणि तीही माझ्याकडून सतत हरलेल्या माणसाला. कोर्टात त्याच्याविरुद्ध बोललो खरा, पण मनाने तो माझं म्हणणं ऐकत होता.

युलालीला हे सांगताना तिला पुन्हा उबळ आली. ओव्याच्या जातीचा तो रानपाला आणि मध उकळून द्यायला सांगितलं.

२३ जानेवारी

बाजाराच्या छपराखाली पहिली सभा. कोंबड्यांचे पिंजरे बाजूला सारून मी एका पिंपावर उभा राहिलो. आणि काय सभा झाली! पहिल्या रांगेत कोण कोण? बोर्दनाव. त्याच्या शेजारी खाटीक बारेर, ज्याची भिंत मी पाडायला लावली. त्याच्या शेजारी अक्रोडाचं झाड गमावलेले दोघे भाऊ. पलीकडे ज्याचं गाढव खोटारडं ठरलं तो. ज्याला ज्याला म्हणून मी हरवलं होतं तो तो पहिल्या रांगेत, आणि प्रत्येक वाक्याला टाळ्या. "पाठवा यांना पॅरिसला!" बारेर एवढ्याने ओरडला की पिंजऱ्यातले कोंबडे आरवू लागले.

"आजच पाठवा!" गाढववाला म्हणाला.

मी भारावून गेलो. डोळे पुसले. वादात हरलेला माणूस वाद घालणाऱ्यावर असं प्रेम करू लागतो हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. वक्तृत्वाची ताकद आहे ही.

एक गोष्ट खटकली. माझे अशील, ज्यांच्यासाठी मी घसा फोडला, ते पार मागे खांबांच्या आडोशाला उभे होते. लाबार्त, सेम्पे आणि तसेच आणखी. टाळी नाही, घोषणा नाही. दफनाला आल्यासारखे चेहरे. सभा संपल्यावर लाबार्त जवळ आला.

"फार छान बोललात साहेब."

"मग चेहरा का असा?"

"छान बोललात म्हणूनच," म्हणाला आणि गेला.

घरी येताना युलाली म्हणाली, "पहिल्या रांगेत कोण बसलं होतं ते नीट पाहिलंत ना?"

"पाहिलं तर! माझे नवे मित्र."

"हं," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत रुमाल तोंडाशी धरून चालली. खोकला काही हटत नाही.

२ फेब्रुवारी

आज मेणबत्त्यांचा सण. संध्याकाळी चुलीशी धिरडी. डाव्या मुठीत सोन्याचं नाणं धरायचं, उजव्या हाताने तवा झटकायचा, धिरडं हवेत उलटून तव्यात पडलं तर मनातलं मागणं पुरं होतं. सेम्पेलाही जेवायला ठेवून घेतलं होतं. पहिला मी. काय मागितलं ते सगळ्यांनाच ठाऊक. धिरडं गेलं वर, आणि आलं ते सेम्पेच्या टकलावर!

मी, युलाली, मोलकरीण, सगळे पोट धरून हसलो. सेम्पेसुद्धा हसला, महिन्यात पहिल्यांदा. डोक्यावरचं धिरडं काढून त्याने तिथेच साखर लावून खाल्लं. "साहेब, हे उलट पडलं. म्हणजे मागणं गेलं," म्हणाला. इतका आनंद त्याला कशाचा झाला देव जाणे.

मग युलालीची पाळी. तिने नाणं घट्ट धरलं, डोळे मिटले आणि तवा असा सफाईने झटकला की धिरडं सूनबाईसारखं अलगद जागेवर येऊन बसलं.

"काय मागितलंस?"

"सांगितलं तर खरं होत नाही."

"आपल्या दोघांचं एकच असणार," मी म्हणालो.

तिने माझ्या ताटात सगळ्यात मोठं धिरडं वाढलं.

६ फेब्रुवारी

मताच्या चिठ्ठ्या छापून आल्या. नियम असा की उमेदवाराने आपल्या नावाच्या चिठ्ठ्या छापून वाटायच्या. मतदार त्यातली हवी ती घरून घडी करून आणतो आणि नगराध्यक्षाच्या हातात देतो, नगराध्यक्ष ती पेटीत सोडतो. कागद पांढरा असला की झालं.

माझ्या चिठ्ठ्या पातळ निघाल्या. छापखान्यात तेवढाच कागद शिल्लक होता. बॅरनच्या मात्र जाड, गुळगुळीत, लग्नाच्या आमंत्रणासारख्या. आता आमचा नगराध्यक्ष आहे औषधवाला कास्तेरा. या माणसाने उभा जन्म बोटांनी पुड्या बांधल्या आहेत. त्याच्या हातात चिठ्ठी गेली की कायदा गुप्त म्हणो, नाहीतर काही म्हणो, त्याच्या अंगठ्याला सगळं कळणार.

"मला कळेल, पण मी बोलणार नाही," कास्तेरा म्हणाला.

"अर्थात."

"तुम्हाला सोडून," तो म्हणाला. सज्जन माणूस.

१० फेब्रुवारी

कॅफेत बॅरन द मोंतेल भेटले. मी समजत होतो की तोंड फिरवतील. कारण आहे. त्यांच्या ओकच्या जंगलात गावाची डुकरं चरायला सोडायचा हक्क मी कोर्टातून मिळवून दिला, तेव्हापासून शरद ऋतूत अर्ध्या तालुक्याची डुकरं त्यांच्या खिडक्यांखाली घुरघुरतात. पण बॅरननी मला हाताला धरून शेजारी बसवलं!

"काझाबाँ, यंदा मी फार हिंडणार नाही. गुडघा धरलाय."

"वाईट वाटतं ऐकून."

"वाटून घेऊ नका. तुम्ही तरुण आहात, तुम्ही हिंडा. बोर्दनावची घोडी कशी आहे? हवी तर माझी बग्गी पाठवतो." मग चमचा ढवळत म्हणाले, "तुम्ही गेल्यावर त्या जंगलाच्या खटल्याचं कोण बघणार?"

"कोणी कशाला बघायला हवं? निकाल लागलाय."

"हो, हो. लागलाय तर. निकाल काय, लागतच असतात," ते म्हणाले आणि फार प्रसन्न दिसले.

कॉफीचे पैसे बॅरननी दिले. असं याआधी घडल्याचं कॅफेवाल्याच्या आठवणीत नाही. तो नाणं उजेडात धरून बघत होता. राजकारणात मतभेद असावेत, पण माणसाने वागावं असं.

१७ फेब्रुवारी

मन उतरलं आहे. आज गल्लीत लाबार्तने मला बघितलं आणि बाजूच्या बोळात शिरला. त्याच्या मागोमाग आणखी दोघे, तेही माझेच अशील.  सेम्पे दिवसभर कचेरीतली जुनी कागदपत्रं पुसत बसला होता, घर रिकामं करताना पुसतात तसा.

ज्यांच्यासाठी मी राबलो ते तोंड चुकवतात, आणि ज्यांना मी हरवलं ते गळ्यात पडतात. शत्रूंची मनं जिंकली हा माझा मोठेपणा असेल, पण माझी माणसं कुठे आहेत? उपकार माणसाला जड होतात असं म्हणून मी स्वतःची समजूत घालतो. ती पटत नाही.

संध्याकाळी कोठीत गेलो तर युलाली मडक्यांमध्ये उभी राहून डोळे पुसत होती.

"काय झालं?"

"कांदा चिरत होते."

जेवणात कोबीचं सूप होतं आणि बदक. कांदा कशातच लागला नाही. सांगायचं राहून गेलं.

२० फेब्रुवारी, रविवार

जिंकलो!

पण सगळं क्रमाने लिहिलं पाहिजे. अक्षर वाकडं येतं आहे, चरित्रकाराने सांभाळून घ्यावं.

चर्च सुटल्यावर नगरभवनात मतदान सुरू झालं. मी खिडकीशी खुर्ची टाकून बसलो. माणसं येत, घडी केलेली चिठ्ठी देत, कास्तेरा अंगठ्याने चाचपून ती पेटीत सोडत असे आणि गर्दी जरा ओसरली की माझ्या कानाशी येई.

"बोर्दनाव, पातळ. बारेर, पातळ. अक्रोडवाले दोघेही पातळ."

"आणि गाढववाला?"

"पातळ. चुंबन घेऊन दिली चिठ्ठी."

मग लाबार्त आला. माझ्याकडे न बघता चिठ्ठी दिली. कास्तेरा तिथेच थबकला, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला विचारावं लागलं नाही. पाठोपाठ सेम्पे. माझा सेम्पे! समोरच्या टेबलावरचा. कास्तेरा कानाशी येऊन म्हणाला, "जाड. हात बर्फासारखा होता हो त्याचा."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. माझ्या सगळ्या अशिलांची तीच तऱ्हा. जाड, जाड, जाड. 

आणि मग सगळ्यांत शेवटी, काठी टेकत, बॅरन द मोंतेल. मला लवून नमस्कार केला, चिठ्ठी दिली आणि गेले. कास्तेरा हातातल्या चिठ्ठीकडे बघतच राहिला. तिची घडी त्याने पुन्हा दाबून बघितली.

"काझाबाँ," तो म्हणाला, "पातळ आहे."

"काय म्हणतोस!"

"चाळीस वर्षं पुड्या बांधतोय मी."

काय खानदानी माणूस! स्वतःलाच मत देणं सभ्यपणाचं दिसत नाही म्हणून प्रतिस्पर्ध्याला दिलं. मला मनातून लाज वाटली, कारण मी सकाळीच स्वतःला देऊन बसलो होतो.

दिवे लागायच्या सुमारास आजूबाजूच्या गावांतून घोड्यांवरून आकडे आले. थोड्याच मतांनी, पण जिंकलो. बोर्दनावने मला खांद्यावर घेतलं. सज्ज्यात नेऊन उभं केलं आणि स्वतः धावत खाली चौकात गेला. खाली चौक भरलेला. पुढे माझे नवे मित्र मशाली घेऊन नाचत होते. मागे कारंज्याजवळ, चिनाराच्या निष्पर्ण झाडांखाली, माझे जुने अशील आणि सेम्पे, टोप्या हातात.

मला त्यांचा राग आला होता. पण पुढच्यांचं प्रेम बघून तो विरघळला, आणि मी अगदी आतून बोललो.

"मित्रहो! ज्यांनी मला मत दिलं त्यांना मी वाऱ्यावर सोडेन असं वाटतं का तुम्हाला?"

"सोडा! खुशाल सोडा!" बोर्दनाव ओरडला. त्याच्या नम्रतेने मला भरून आलं.

"कधीच नाही! संसदेला सुट्ट्या असतात, आणि भरपूर असतात. प्रत्येक सुट्टीत मी लारॉकला येणार. माझी कचेरी बंद होणार नाही. सेम्पे तिथेच बसेल. आणि एकेक खटला मी स्वतः चालवीन, आतापर्यंत चालवत आलो तसाच!"

 मशाली हलायच्या थांबल्या. खाटीक बारेरचं तोंड उघडं ते उघडंच.

"ऑगस्टातसुद्धा?" बोर्दनावने खालून विचारलं. त्याचा आवाज चिरकला होता.

"ऑगस्टात तर नक्कीच! आणि शरदात, डुकरं जंगलात जातात तेव्हाही!"

कारंज्याकडून एक आरोळी उठली. ती लाबार्तची होती. त्याने बेरेट आकाशात फेकली, ती चिनारात अडकली, त्याला पर्वा नव्हती. मग सगळ्या टोप्या उडाल्या. सेम्पे, आयुष्यात ज्याने आवाज चढवला नाही तो सेम्पे, कारंज्याच्या कठड्यावर चढून ओरडत होता, "आमचे! वकीलसाहेब आमचे आहेत!" आणि मागची सगळी गर्दी तेच ओरडू लागली. ती पुढच्या रांगांना ढकलून सज्ज्याखाली आली. लाबार्त रडत होता आणि हसत होता.

ते शब्द मी ऐकले. बावीस वर्षांनी ऐकले. पण ते जाड कागदवाल्यांकडून आले, आणि पातळ कागदवाले मशाली विझवून मुकाट्याने घरी चालले होते. याचा अर्थ मला लागेना. शेजारी युलाली उभी होती. सज्ज्याच्या कठड्यावर डोकं टेकून ती गदगदा हलत होती. मी म्हणालो, "युलाली, हा खोकला आता डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे."

२१ फेब्रुवारी

खोकला नव्हता तो.

आज न्याहारीला सगळं कळलं. मी म्हणालो की बोर्दनावने घोडी माघारी मागवली, गाडीही, आणि उरलेले ओट्ससुद्धा, हे कसं? तेव्हा युलालीने कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"अहो, तुम्ही इतके हुशार. उलटतपासणीत साक्षीदाराच्या पोटातलं काढता. बोर्दनाव ऑगस्टाबद्दल का विचारत होता, हे खरंच नाही कळलं?"

"आस्था..."

"पाण्याची! तुम्ही व्हर्सायला गेलात की ऑगस्टात लाबार्तच्या बाजूने कोर्टात उभं राहणारं कोणी उरत नाही. बारेरला भिंत परत बांधायची आहे. अक्रोडवाल्यांना अक्रोड हवेत."

मी पाव कॉफीत बुडवला, तो तिथेच राहिला.

"आणि बॅरन?" मी हळूच विचारलं.

"त्यांना खिडकीखाली डुकरं नको आहेत. जागा गेली तरी चालेल, पण तुम्ही गेले पाहिजेत! कधी कुठल्या उमेदवारावर शत्रूंनी एवढं प्रेम केलं नसेल."

आता तिला आवरेना, आणि तिने आवरलंही नाही. ती खुर्चीत मागे रेलून खो खो हसली, महिनाभराचं साठलेलं सगळं. मी आधी रागावलो, मग लाजलो, मग बॅरनने दिलेली कॉफी आठवली आणि मलाही हसू फुटलं. मोलकरीण आत डोकावून क्रूसाची खूण करून गेली.

हसून हसून दमल्यावर मी म्हणालो, "म्हणजे मला निवडून दिलं ते माझ्या शत्रूंनी."

"हो."

"आणि लाबार्त, सेम्पे, ते सगळे..."

"त्यांना तुम्ही इथे हवे होतात. सेम्पे मला सभेच्या आदल्या दिवशीच सांगून गेला. म्हणाला, बाईसाहेब, साहेबांविरुद्ध मत देताना माझा हात झडेल, पण देणार."

मी उठून खिडकीशी गेलो. समोर कचेरीचं दार उघडं होतं. सेम्पे झाडत होता आणि शीळ घालत होता. त्याच्या टेबलावर नवी दौत मांडलेली दिसली. दारात लाबार्त उभा होता, ऑगस्टाचा खटला फेब्रुवारीतच नोंदवायला आलेला. मी आजवर लोकांचे चेहरे वाचूनच पोट भरलं, आणि ज्या चेहऱ्यांवर माझ्यासाठी एवढं लिहिलेलं होतं ते मला वाचता आले नाहीत. किती मूर्ख होतो मी, आणि किती सुखी!

मग एकेक आठवायला लागलं.

"त्या दिवशी कांदा नव्हता," मी म्हणालो.

"नव्हता."

"आणि धिरड्याला मागितलंस ते?"

युलालीने टेबलावरचे पावाचे कण गोळा करायला घेतले. "वीस वर्षं तुमचं प्रत्येक भाषण आधी मी ऐकते. इथे, या टेबलावर. सूप थंड होतं तरी ऐकते. कुठे खूप लांबलं ते मी सांगते. तिकडे पाचशे माणसं ऐकणार. त्यांच्यात मी कुठे?"

"तू माझ्याबरोबर येणार आहेस! मी एकटा जाईन असं वाटलं तुला?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

खरंच विचारलं नव्हतं. चरित्रकाराने हे गाळू नये. मी आता विचारलं, अगदी नीट, तिचा हात धरून, कॉफी सांडवून. उरलेले कण गोळा करून ती उठली आणि तिने माळ्यावरून एक नाही, दोन ट्रंका उतरवायला सांगितल्या. एकीत कपडे. दुसरीत चरबीची मडकी आणि लाबार्तची तंगडी, कारण व्हर्सायला डुक्कर चांगलं मिळत नाही म्हणतात.

ट्रंकेवर गुडघा दाबून कडी लावताना मला राहवलं नाही.

"युलाली, बायकांना मत असतं, तर काल तू कुठली चिठ्ठी दिली असतीस?"

"जाड," ती लगेच म्हणाली. "कास्तेराच्या अंगठ्याला दुखेल इतकी जाड."

आयुष्यात कित्येक निकाल ऐकले. माझ्याविरुद्ध गेलेला एकही मी मुकाट्याने सोसला नाही. या एकावर मात्र मी अपील करणार नाही.